विज्ञानकथा, किशोरकथा आणि पिच्चर : खान्देशातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला रविवारी सकाळी आम्ही काही वाचणारी माणसं जमतो. पोरं असतात, त्यांना सोडायला येऊन तिथंच बसून राहिलेले आईबाप असतात, रेल्वेतून रिटायर झालेले दोन-तीन आबा असतात. विषय ठरलेला : विज्ञानकथा आणि वयात येणाऱ्या मुलामुलींच्या गोष्टी, मग त्या पुस्तकातल्या असोत की पडद्यावरच्या. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न विचारतो आणि उत्तर देईपर्यंत चहा गार होतो. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

विज्ञानकथा म्हणजे शेवटी थापाच ना? मग जादूच्या गोष्टीत आणि तिच्यात फरक काय?

थापाच. पण आमचा नियम आहे : एक थाप माफ, पुढचा हिशोब चोख. लेखकानं सुरुवातीला एक अशक्य गोष्ट मागून घ्यावी, आपण ती मुकाट्यानं द्यावी, आणि तिथून पुढे त्याची पै-पै तपासावी. एच. जी. वेल्सनं १८९५ साली काळातून फिरणारं यंत्र मागून घेतलं. त्यानंतरचं सगळं त्यानं तर्कानं रचलं : वर बसून खाणारे आणि जमिनीखाली राबणारे लाखो वर्षं वेगळे राहिले, तर त्यांचं पुढे काय होईल?

अलीकडचं उदाहरण 'द मार्शियन'. अँडी वीअरनं ही कादंबरी आधी स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करत टाकली होती. पिच्चर २०१५ मध्ये आला. त्यातली थाप म्हणजे सुरुवातीचं वादळ. मंगळावरची हवा इतकी विरळ आहे, दाब पृथ्वीच्या एक टक्क्याच्याही आत, की तिथलं जोरदार वादळसुद्धा अंगावर झुळकेसारखं लागेल. यान कलंडायचा प्रश्नच नाही. हे लेखकानंही कबूल केलंय. पण एकदा तो माणूस मंगळावर एकटा अडकला की हिशोब सुरू होतो. माती आहे, पण जिवंत नाही, म्हणून स्वतःचीच विष्ठा खत म्हणून घालायची. पाणी हवं, तर रॉकेटचं इंधन हायड्रॅझिन फोडून हायड्रोजन काढायचा आणि तो ऑक्सिजनमध्ये जाळायचा. बटाटे किती, त्यातून उष्मांक किती, दिवस किती पुरतील, सगळं मांडलेलं.

यावलकडचे एक केळीवाले काका हा पिच्चर बघायला बसले होते. हिरो, रॉकेट, नासा यात त्यांना काडीचा रस नव्हता. बटाटे लावल्याबरोबर त्यांनी विचारलं, "पाणी कुठून आणलं यानं?" आणि पुढच्याच प्रसंगात पिच्चरनं उत्तर दिलं. त्या दिवसापासून काका आमच्यातले झाले. नंतर त्यांना कुणीतरी सांगितलं, की २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार सापडले होते आणि कादंबरीत त्यांचा पत्ताच नाही. काका म्हणाले, "मग माती आधी धुऊन घ्यायला पाहिजे होती." बरोबरच आहे, हे क्षार पाण्यात विरघळतात.

जादूच्या गोष्टीलाही नियम असतात, चांगली असेल तर. फक्त "कसं?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला ती बांधील नसते. दोन्ही वाचा. भांडण लावायचं कारण नाही.

मी आर्ट्सला आहे, विज्ञान कच्चं आहे. मला समजेल का?

समजेल. एक कागदाची पट्टी घे, वीतभर लांब, बोटभर रुंद. दोन टोकं जोडून बांगडी करायची, पण जोडण्याआधी एका टोकाला अर्धा पीळ द्यायचा. डिंकानं चिकटव. आता मधोमध पेन्सिल टेकव आणि न उचलता रेघ ओढत जा. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून निघाल्या जागी येते. म्हणजे या कागदाला बाजू एकच! हिला मोबियस पट्टी म्हणतात. आता समज, या पट्टीच्या आत, कागदाच्या जाडीतच राहणारा एक सपाट माणूस आहे. त्यानं पूर्ण फेरी मारली, तर परत येईल तेव्हा त्याचा डावा हात उजवा झालेला असेल.

एवढं कळलं की जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा वाचायला बस. पुढचं मी सांगत नाही. विज्ञान इतकंच लागतं, आणि तेही चांगला लेखक जाताजाता शिकवतो. शिकवायलाच बसला असेल तर पुस्तक मिटून टाक. मराठी विज्ञानकथेत हा रोग आहे : दोन शास्त्रज्ञ समोरासमोर बसतात आणि एकमेकांना आधीच माहीत असलेली गोष्ट तीन पानं समजावून सांगतात.

सुरुवात कुठून करावी?

नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह. त्यातल्या कथा छोट्या आहेत, भाषा साधी आहे आणि माणसं आपल्यातली वाटतात. त्यांचीच 'गंगाधरपंतांचे पानिपत' इतिहासाची आवड असलेल्यांनी आधी वाचावी. पानिपतात मराठे जिंकले असते तर आजची मुंबई कशी असती, हा त्यातला खेळ. कादंबरी हवी असेल तर 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला'.

मग लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' वाचून आमच्याकडे दोन रविवार भांडण चाललं होतं, याहून मोठी शिफारस मला देता येत नाही. भीतीची आवड असेल तर नारायण धारप, पण रात्री एकट्यानं वाचून सकाळी आमच्यावर खापर फोडायचं नाही. लहानांसाठी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न.

हा माल मराठीत कालपरवा आलेला नाही. व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकातून मराठी वाचकांपर्यंत पोचली होती.

मोठ्या मुलांसाठी मराठीत काही आहे का? श्यामच्या पुढे काय?

आहे, पण त्यावर 'किशोरांसाठी' असा शिक्का नसतो, म्हणून सापडत नाही.

दहा ते तेरा : फास्टर फेणे. सगळे भाग. चौदा-पंधरा : मिलिंद बोकीलांची 'शाळा'. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, आणि सगळ्या घराला चुकवून मनात चाललेलं प्रकरण. आमच्याकडची पोरं ती एका बैठकीत संपवतात आणि आईला दाखवत नाहीत. आयांनी ती आधीच वाचलेली असते, ही गोष्ट वेगळी.

सोळाच्या पुढे 'कोसला'. खान्देशातल्या मुलानं ही कादंबरी वाचली नाही तर काय वाचलं? भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, पंचविशीत त्यांनी ती लिहिली, आली १९६३ मध्ये. गावाकडचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, वडिलांचे पैसे उडवतो, नापास होतो, परत येतो. आज जळगावहून पुण्याला क्लास लावायला गेलेल्या पोराला विचारा यातलं काय बदललंय. मेसचं बिल वाढलं असेल. मात्र तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात ती देऊ नका. त्याला कंटाळा येईल आणि तो पुन्हा कधीच उघडणार नाही.

पुस्तक आधी की पिच्चर आधी?

पुस्तक आधी, असं सगळे सांगतात. मी तसं सांगत नाही. जे आधी हाती लागेल ते आधी.

फास्टर फेणेचं बघा. २०१७ च्या पिच्चरमधला बनेश मोठा झालेला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला. पिच्चर बघून पुस्तक मागायला आलेल्या पोरांना फुरसुंगीचा शाळकरी, सायकलवाला बन्या भेटतो. आधी ती हिरमुसतात. मग "ट्टॉक्" सापडतं आणि गाडी चालू होते. पिच्चर आला नसता तर ही पोरं पुस्तकाकडे फिरकलीही नसती.

'शाळा'चं उलटं आहे. तिचा पिच्चर २०१२ मध्ये आला, चांगला आहे. पण कादंबरीची सगळी गंमत मुकुंदाच्या डोक्यात चालणाऱ्या बडबडीत आहे आणि कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही. तिथे आधी पुस्तक वाचलेलं बरं. थोडक्यात, गोष्ट बाहेर घडत असेल तर पिच्चर आधी चालेल. आत घडत असेल तर पुस्तक.

हिंदी डब बघावा की इंग्रजी, खाली अक्षरं लावून?

पहिल्यांदा डब, आवडला तर दुसऱ्यांदा अक्षरं लावून. आबा लोकांना अक्षरं वाचता वाचता चित्र सुटतं, त्यांना डबच लावून द्या.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, 'हंगर गेम्स' बघायचं म्हणते. त्यात मुलं मुलांना मारतात म्हणे. बघू द्यावं का?

ताई, आधी सर्टिफिकेट बघा. २०२४ पासून सेन्सॉर बोर्डानं 'यूए'चे तीन भाग केलेत : ७+, १३+ आणि १६+. ओटीटीवर तर असे वयाचे गट २०२१ च्या नियमांपासूनच आहेत. म्हणजे प्लॅटफॉर्मवर पिच्चर उघडला की वय समोरच लिहिलेलं असतं.

आता माझं मत. त्या गोष्टीत राजधानीतले लोक गरीब जिल्ह्यांतल्या मुलांना चिठ्ठी काढून झुंजायला पाठवतात आणि टीव्हीवर मजा बघतात. हिंसा आहे, पण गोष्ट त्या हिंसेच्या बाजूनं बोलत नाही. ती बघणाऱ्यांना आरोपी करते. तुम्ही शेजारी बसून बघा. मध्यंतरात विचारा, "आपण यातले कोण? राजधानीतले की जिल्ह्यातले?" खान्देशातल्या मुलीला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. पुस्तक (२००८) पिच्चरपेक्षा जास्त अंगावर येतं, कारण सगळं नायिकेच्या तोंडून आहे. ते वर्षभरानं द्या.

पुस्तकं मिळतात कुठे? टेलिग्रामवर पीडीएफ आहेत, त्या चालतील का?

नाही चालणार. मराठीत विज्ञानकथेची आवृत्ती आधीच लहान निघते. तीही फुकट वाटली तर पुढची निघायची नाही.

फुकट आणि रीतसर हवं असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक नेटवर उघडा. १९७१ पासूनचा खजिना आहे. वाचनालयाचं सभासदत्व घ्या : जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय, अमळनेरचं साने गुरुजींच्या नावाचं, नाहीतर तुमच्या तालुक्याचं. तिथे गेल्यावर कपाटाबाहेर ठेवलेल्या नव्या पुस्तकांकडे बघून परत फिरू नका. विज्ञानकथा बहुतेक वेळा 'विज्ञान' या विभागात, खतं आणि मधुमेहाच्या पुस्तकांमध्ये अडकलेल्या असतात. ग्रंथपालदादांना लेखकाचं नाव सांगून शोधायला लावा. दिवाळीत 'धनंजय' आणि 'नवल' हे अंक घ्या. वर्ष उलटल्यावर रद्दीच्या दुकानात तेच किलोवर मिळतात.

दहावीचं वर्ष आहे. हे सगळं बंद करावं का?

मोबाइल बंद करा, गोष्ट नको.

अहिराणीमा अशी गोष्ट शे का?

हा प्रश्न एका पारोळ्याच्या आजींनी विचारला होता. अहिराणीत गोष्टी भरपूर आहेत, त्या ओट्यावर सांगायच्या. छापलेली विज्ञानकथा मात्र मी तुमच्या हातात ठेवू शकत नाही. म्हणून आम्ही उद्योग करतो. छापील कथा मराठीत वाचायची आणि मग एकानं ती अहिराणीत सांगायची, पुस्तक न बघता. रावेर-यावलकडचे लोक लेवा बोलीत सांगतात. प्रमाण मराठीत "अंतराळयानाने कक्षा सोडली" म्हणताना जी छाती फुगते, ती अहिराणीत फुगत नाही. परग्रहावरचा प्राणी दारात उभा राहिला तर खान्देशी बाई त्याला आधी काय विचारेल, ते आपोआप बाहेर येतं : "कोना शे रे भाऊ तू?" ज्या कथा सांगताना कोसळतात, त्या मुळातच पोकळ असतात.

विज्ञानकथा कायम अमेरिकेत नाहीतर मुंबईत घडतात. खान्देशात काय घडणार?

इथेच तर घडतंय. हा माझा आवडता प्रश्न आहे, जरा लांबण लागेल.

पहिलं, केळी. रावेर-यावलच्या बागांत आता बरीचशी रोपं टिश्यू कल्चरची, ग्रँड नैन जातीची. झाडाच्या वाढणाऱ्या कोंबाचा तुकडा प्रयोगशाळेत घेऊन त्यापासून हजारो रोपं करतात. सगळी एकाच झाडाची नक्कल, म्हणजे क्लोन. (जुन्या पद्धतीनं कंद लावले तरी तीही नक्कलच, केळीला बी कुठे असतं?) सगळी बाग एका सुमारास निसवते, घड सारखे येतात, व्यापारी खूश. पण जनुकं एक, तर दुबळेपणाही एक. 'ग्रोस मिशेल' नावाची जात एकेकाळी जगाच्या बाजारावर राज्य करत होती. पनामा रोगानं ती १९५० च्या दशकात बाजारातून जवळपास उठवली. तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातल्या जाती आल्या, आपली ग्रँड नैन त्यातलीच. आणि आता पनामाचाच नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. कुकुंबर मोझॅक व्हायरसनं काय होतं, ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. त्या रोगाचं इथलं नाव 'हरण्या', ते घेतलं की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो.

म्हणूनच 'इंटरस्टेलर' (२०१४) आमच्याकडे वेगळा बघितला जातो. पुण्या-मुंबईची मुलं कृष्णविवर येईपर्यंत चुळबुळ करतात. आमच्याकडे पहिला भागच गप्प बसून बघतात : एकेक पीक रोगानं संपत चाललंय, भेंडीचं शेवटचं पीक आलंय, फक्त मका उरलाय आणि ताटावर धूळ बसते म्हणून ताटं उपडी ठेवतात. पुढे एका ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, ते गणित खरं आहे. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो. त्या पिच्चरचे सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं, पिच्चरसाठी नव्हे, गुरुत्वीय लहरींसाठी. पण आमच्या काकांना विचाराल तर सगळ्यात भयंकर प्रसंग भेंडीचाच.

दुसरं, टेंभली. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक या गावात दिला गेला. माणसाला बारा आकडी नंबर, बोटांचे ठसे, बुबुळांचे फोटो. ही गोष्ट कुणी १९७० मध्ये लिहिली असती तर संपादकानं विज्ञानकथा म्हणून छापली असती. आता पुढचा हिशोब तुम्ही करा. कापूस वेचून, दगड-माती उचलून बोटांचे ठसे झिजतात. रेशन दुकानातलं मशीन म्हणतं, हा तो माणूस नव्हे. मग माणूस खरा की मशीन? इथून कथा सुरू होते, आणि तिला रॉकेट लागत नाही.

तिसरं, साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल. पठारावर पवनचक्क्यांची रांग, खाली मेंढरं. कॅमेरा लावा, सेटचा खर्च वाचला.

आणि मागे जायचं असेल तर चाळीसगावजवळचं पाटणादेवी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्या मठातला एखादा विद्यार्थी आजच्या चाळीसगाव स्टेशनावर उतरला तर? एक थाप माफ. पण त्याला तिकीट कुणी काढून दिलं ते सांगावं लागेल.

मला लिहायचंय, पण लोक हसतील.

नाव बदलून लिही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की हे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातची लिहून धाडली होती.

मेरी शेलीनं 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. वर्ष १८१६, आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या धुरळ्यानं युरोपात उन्हाळाच आला नाही, बाहेर पाऊस, म्हणून घरात बसलेल्यांनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली. पुस्तक १८१८ मध्ये आलं, त्यावरही लेखिकेचं नाव नव्हतं. आपल्याकडे पावसामुळे नाही, पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीमुळे दुपारी घरातच बसावं लागतं. पंखा लाव आणि लिही.

आणि पिच्चर काढायचा असेल तर? पैसे नाहीत.

मालेगाव बघा. नाशिक जिल्ह्यात असलं तरी धुळ्याहून तासाभरावर आहे. यंत्रमागावर राबणाऱ्या लोकांनी तिथे स्वतःचा सुपरमॅन काढला, मुख्य भूमिकेत काडीपैलवान माणूस. तो कसा काढला यावर फैझा अहमद खान यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी आहे, आणि त्याच मंडळींवरचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी पिच्चर फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. आधी डॉक्युमेंटरी बघा. मागचं दृश्य बदलायला हिरवं कापड कसं लावलं, हिरोला उडवलं कसं, पैसे कुठून आणले, सगळं दिसतं. आता तर मोबाइलच्या फुकट ॲपमध्येही मागचं हिरवं कापड काढता येतं. कथा दहा मिनिटांची ठेवा, एकच घर, तीन माणसं. रोबो दाखवायचा असेल तर माणसालाच रोबो म्हणा आणि त्याला पापणी लवू देऊ नका.

तुमच्याकडून पुस्तक नेता येतं का?

येतं. वहीत नाव लिहायचं, एका वेळी एक, पंधरा दिवसांत परत. पान दुमडायचं नाही. बसचं तिकीट, लग्नाची पत्रिका, काहीही घाला खूण म्हणून. भरीत खाताना वाचायचं नाही, 'प्रेषित'च्या आमच्या प्रतीत तेलाचे डाग आहेत आणि ते कुणाचे हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याला पुस्तक आवडलं नाही त्यानं पुढच्या रविवारी उभं राहून का नाही आवडलं ते सांगायचं. आवडलं असेल तर न सांगता नुसतं परत केलं तरी चालेल.